जुन्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस: इन्स्टॉलपासून ‘ळ’च्या जागेपर्यंत

काम: घरगुती किंवा वाचनालयाच्या पुस्तकसंग्रहाची यादी एक्सेलमधून काढून पोस्टग्रेस्क्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेस सर्व्हरमध्ये नेणं. मशीन: ४ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी असलेला जुना लॅपटॉप. ऑपरेटिंग सिस्टीम: डेबियन १३ हे लिनक्स, त्याच्या पॅकेजांच्या भांडारात पोस्टग्रेस १७ तयार मिळतं. आज्ञा खाली उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलात त्या रोमन लहान अक्षरांत टाकायच्या, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: मशीन

आधी प्रोसेसर बघा. डेबियन १३ला ३२ बिटचा इन्स्टॉलर राहिलेला नाही, त्यामुळे कपाटातला ॲटमवाला ३२ बिटचा नेटबुक यातून बाद. ६४ बिट असेल तर दहा-बारा वर्षं जुना लॅपटॉपही चालतो, आणि रास्पबेरी पायपेक्षा त्यात एक गोष्ट जास्त असते: बॅटरी. ती अर्धा तास तग धरत असली तरी वीज गेल्यावर सर्व्हर नीट बंद करायला पुरते.

झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपतो. ईटीसी/सिस्टीमडी/लॉगइनडी.कॉन्फ या फाइलीत ‘हँडललिडस्विच’ची (यातल्या तिन्ही शब्दांची पहिली अक्षरं मोठ्या लिपीतली) किंमत ‘इग्नोर’ करा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. हे राहिलं तर पुढे ‘सर्व्हर मध्येच गायब होतो’ म्हणून पोस्टग्रेसचे लॉग चाळत बसाल आणि तिथे काहीही सापडणार नाही.

डेबियन टाकताना रूटला पासवर्ड दिला असेल तर पहिल्या यूजरला सुडोचा, म्हणजे रूटच्या हक्काने आज्ञा चालवण्याचा, अधिकार मिळत नाही. ‘सु -’ने रूट व्हा, ‘यूजरमॉड -एजी सुडो’ (यातला ‘जी’ मोठ्या लिपीतला) आणि यूजरचं नाव द्या, लॉगआउट करून परत या.

टप्पा २: लोकेल आधी, पोस्टग्रेस नंतर

हा क्रम उलटा झाला की पहिली अडचण इथेच येते. डेबियनवर पॅकेज बसतानाच ‘मेन’ नावाचा क्लस्टर (सगळे डेटाबेस ठेवणारी पोस्टग्रेसची एक मांडणी) तयार होतो आणि त्या क्षणी टर्मिनलात जे लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) असेल ते उचलतो. दुसऱ्या कंप्युटरवरून एसएसएचने आलात तर तिकडचं लोकेलही बरोबर येतं. ते सर्व्हरवर नसेल तर क्लस्टर तयारच होत नाही. पॅकेजं बसवणारा ॲप्ट मात्र ‘सगळं बसलं’ म्हणून मोकळा होतो. त्या गर्दीत ‘द लोकेल रिक्वेस्टेड बाय द एन्व्हायर्नमेंट इज इनव्हॅलिड’ ही ओळ वर सरकून गेलेली असते.

म्हणून आधी ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ चालवा, यादीतून इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही यूटीएफ-८ लोकेलं निवडा, लॉगआउट करून परत या. मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टग्रेस्क्यूएल’. पाच-दहा मिनिटांचं काम.

लगेच ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ चालवा. एका ओळीत १७, मेन, ५४३२ आणि ‘ऑनलाइन’ दिसलं पाहिजे. फक्त मथळा दिसला तर वरचा घोळ झालेला आहे. लोकेल दुरुस्त करून ‘सुडो पीजी_क्रिएटक्लस्टर १७ मेन --स्टार्ट’ द्या. पॅकेज काढून परत टाकायची गरज नाही.

दुसरी तपासणी एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं बाइटांत कशी साठवली जातात त्याची. ‘सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल’ने (पीएसक्यूएल म्हणजे पोस्टग्रेसशी बोलायचा टर्मिनलातला प्रोग्राम) आत जाऊन ‘सिलेक्ट लेंग्थ('मराठी')’ विचारा. उत्तर ५ आलं तर ठीक: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. १५ आलं तर क्लस्टर एसक्यूएल-आस्की एन्कोडिंगमध्ये बसलाय आणि तो अक्षरं न मोजता बाइट मोजतोय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं, म्हणून १५. असा क्लस्टर पहिल्याच दिवशी ‘पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १७ मेन’ने पाडा आणि पुन्हा बांधा. ही आज्ञा डेटासकट सगळं पुसते, तेव्हा पहिला दिवस उलटल्यावर ती हाताशीही नको.

ही चाचणी एसएसएचवरूनच घ्या. लॅपटॉपच्या स्वतःच्या काळ्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही, चौकोन दिसतात. डेटा बिघडलेला नसतो, त्या कन्सोलकडे अक्षरंच नसतात.

टप्पा ३: यूजर आणि डेटाबेस

नवशिक्यांचे बरेचसे प्रश्न ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ या एका ओळीभोवती फिरतात. अर्थ सोपा आहे: त्याच मशीनवरून जोडताना पोस्टग्रेस पासवर्ड विचारत नाही, लिनक्सचा यूजर कोण ते बघतो, आणि पोस्टग्रेसमधला रोल (तिथला यूजर) त्याच नावाचा हवा असतो. लिनक्सवर तुम्ही ‘ग्रंथपाल’ असाल तर ‘सुडो -यू पोस्टग्रेस क्रिएटयूजर ग्रंथपाल’ करा, भांडण मिटलं. (हे नाव रोमन लिपीतच ठेवा.) पासवर्डनेच जोडायचं असेल तर रोलला पासवर्ड द्या आणि पीएसक्यूएलला ‘-एच लोकलहोस्ट’ सांगा, मग पीअरचा नियम लागतच नाही. कोणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलीत सगळीकडे ‘ट्रस्ट’, म्हणजे काही न विचारता आत घ्या, असं लिहायचा सल्ला सर्रास मिळतो. तो घराच्या दाराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यातला प्रकार आहे.

डेटाबेस करताना मालक तेव्हाच ठरवा: ‘सुडो -यू पोस्टग्रेस क्रिएटडीबी -ओ ग्रंथपाल ग्रंथसंग्रह’. यातला ‘-ओ’ मोठ्या लिपीतला. आवृत्ती १५पासून ‘पब्लिक’ स्कीमात (टेबलं ठेवायच्या मूळच्या कप्प्यात) वाटेल त्या यूजरला टेबल करता येत नाही, डेटाबेसच्या मालकाला येतं. जुन्या ट्यूटोरियलवरून चालणाऱ्यांना ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’ दिसतं ते याचमुळे.

टप्पा ४: टेबलं

टेबलांची आणि रकान्यांची नावं देवनागरीत चालतात, अवतरणचिन्हांचीही गरज नाही. ‘पुस्तके’ टेबल, त्यात ‘नाव’, ‘लेखक’, ‘किंमत’. मर्यादा ६३ बाइटची, म्हणजे देवनागरीत २१ चिन्हं, आणि काना-मात्रा-जोडाक्षरातले हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. त्याहून लांब नाव पोस्टग्रेस कापतं आणि एक सूचना देऊन पुढे जातं. सूचना वाचायची सवय लावा. पीएसक्यूएलमध्ये देवनागरी रकान्यांच्या उभ्या रेघा एका ओळीत येत नाहीत, ‘\एक्स’ देऊन आडवी मांडणी उभी करून घ्या.

दाखल क्रमांकाबद्दल जरा थांबू. वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत क्रमांक सलग लागतात, मध्ये खाडा चालत नाही. आपोआप वाढणारा ‘आयडेंटिटी’ रकाना इथे वापरायचा मोह होतो, पण त्याचा क्रमांक एकदा उचलला की परत जात नाही. नोंद चुकून नाकारली गेली किंवा ट्रान्झॅक्शन (एकत्र केलेले बदल) मागे घेतलं तरी तो आकडा खर्ची पडतो. ४१२नंतर थेट ४१५ दिसला की तपासनीस विचारणारच. तेव्हा आयडेंटिटी आतल्या वापरासाठी ठेवा आणि दाखल क्रमांक वेगळ्या पूर्णांक रकान्यात हाताने भरा, त्यावर ‘युनिक’चं बंधन घाला.

टप्पा ५: अकारविल्हे लावणं

खरा वेळ इथे जातो. चार शब्दांचं टेबल करा: काल, काळ, कावळा, काहूर. क्रम लावणाऱ्या ‘ऑर्डर बाय’ला ‘कोलेट "सी"’ (नुसत्या अक्षर-क्रमांकांप्रमाणे लाव) जोडून बघितलंत तर याच क्रमाने येतील, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा लच्या शेजारी बसवलेला आहे. मराठी वर्णमालेत ळ येतो हनंतर, म्हणजे हवा तो क्रम असा: काल, कावळा, काहूर, काळ. याच पद्धतीत ‘ॲ’ने सुरू होणारी नावं हच्याही खाली, यादीच्या तळाशी जाऊन पडतात, कारण ॲ हे अक्षर तक्त्यात उशिरा आलं.

उपाय आयसीयू कोलेशनचा: कोलेशन म्हणजे क्रम लावायचे नियम, आयसीयू म्हणजे भाषेनुसार ते पुरवणारी लायब्ररी. लोकेल मराठीचं दिलं की आयसीयूकडचे मराठी नियम लागतात, पण आयसीयूच्या हवाली करून निर्धास्त होऊ नका, वरच्या चार शब्दांची चाचणी घ्याच. आवृत्ती १६पासून आपले नियम वरून जोडता येतात: ‘क्रिएट कोलेशन’मध्ये प्रोव्हायडर आयसीयू, लोकेल मराठी-भारत, आणि ‘रूल्स’मध्ये हे:

'&ह < ळ < क्ष < ज्ञ'

म्हणजे हनंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. क्ष कमध्येच आणि ज्ञ जमध्येच धरायचा असेल तर ते दोन काढून फक्त '&ह < ळ' ठेवा. वाद घालायला विषय चांगला आहे, फक्त पहिली नोंद पडायच्या आधी घाला.

हे कोलेशन अख्ख्या डेटाबेसला लावता येतं, पण मग बदलायचं तर डेटाबेस नव्याने बांधावा लागतो. नाव, लेखक, प्रकाशक अशा तीन रकान्यांना लावलेलं बरं: ‘ऑल्टर टेबल’ने नंतर बदलता येतं, आणि कोलेशनची व्याख्या बॅकअपबरोबर आपोआप जाते. पुढे डेबियनची आवृत्ती बदलली आणि आयसीयूही नवं आलं की ‘कोलेशन व्हर्जन मिसमॅच’चा इशारा येईल. तेव्हा आधी त्या रकान्यांचे इंडेक्स (शोधासाठी क्रमाने ठेवलेल्या सूची) ‘रीइंडेक्स’ने बांधून घ्या, मगच ‘रीफ्रेश व्हर्जन’. उलट केलंत तर इशारा जातो, बिघडलेला इंडेक्स राहतो.

टप्पा ६: दिसायला एक, आत दोन

जुनी यादी आत घेताना सर्वांत चिवट त्रास हा. ‘दऱ्या’मधला चंद्रकोरी र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर देतात, काही र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक देतात. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधात मात्र एक सापडतो, दुसरा नाही. ॲचंही तसंच: एक सबंध अक्षर, दुसरं ‘अ’वर चढवलेला अर्धचंद्र.

‘नॉर्मलाइझ’ फंक्शन चालवलं की प्रश्न सुटला असं वाटतं. सुटत नाही. युनिकोडच्या नियमात र आणि खालचा नुक्ता मिळून ऱ होतो, तेवढं ते जोडतं. जोडकवाला र आणि अ-अर्धचंद्र या जोड्या नियमांत समान मानलेल्याच नाहीत. त्या ‘रिप्लेस’ने हाताने बदलाव्या लागतात. जोडकाचा क्रमांक दशमानात ८२०५, म्हणून ‘सीएचआर(८२०५)’ने तो पकडता येतो. ॲचा क्रमांक २४१८.

क्रम चुकवू नका. ‘न दिसणारी अक्षरं पुसा’ म्हणून आधी जोडक उडवलात तर दऱ्या हा शब्द दर्या होतो. डोंगरातून थेट समुद्रात. आचाऱ्याचाही आचार्य होतो. आधी र-हलन्त-जोडकाच्या जागी ऱ-हलन्त घाला, मग उरलेले जोडक काढा. हे ‘बिफोर इन्सर्ट ऑर अपडेट’ ट्रिगरमध्ये (नोंद लिहिण्याआधी आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) टाकलं की पुढच्या नोंदीही सुधारतात. शिवाय रकान्यावर ‘इज एनएफसी नॉर्मलाइझ्ड’चं (एनएफसी म्हणजे ‘नॉर्मलाइझ’ देतं ते जोडलेलं रूप) चेक बंधन घाला.

एक्सेलकडून सीएसव्ही घेताना ‘यूटीएफ-८’ असं लिहिलेलाच पर्याय निवडा, साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत फिरत नाहीत. यूटीएफ-८वाल्या फाइलीच्या तोंडाशी एक अदृश्य खूण असते. मथळ्याची ओळ असून ‘हेडर’ दिलं तर ती त्या ओळीबरोबर जाते. मथळा नसेल, किंवा ‘हेडर मॅच’ वापरलं, तर पहिल्याच रकान्यावर गाडी अडते आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. फाइल ‘\कॉपी’ने घ्या. बिनतिरक्या रेघेची ‘कॉपी’ सर्व्हरच्या पोस्टग्रेस यूजरच्या हातून फाइल उघडायला जाते आणि तुमच्या होम फोल्डरमध्ये त्याला प्रवेश नसतो.

किंमत आणि सन देवनागरी आकड्यांत भरलेले असतील तर ‘इन्व्हॅलिड इनपुट सिंटॅक्स फॉर टाइप इंटिजर’ येईल. ते आधी मजकूर म्हणून घ्या, ‘ट्रान्सलेट’ने दहा आकडे इंग्रजी आकड्यांत पालटा, मग पूर्णांक करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप झालेली यादी मात्र मुळात युनिकोड नसते. ती आत घेण्याआधीच कन्व्हर्टरमधून काढायला हवी, पोस्टग्रेस तिथे काही करू शकत नाही.

टप्पा ७: घरातल्या दुसऱ्या मशीनवरून

दोन फाइली. पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फमध्ये ‘लिसन_ॲड्रेसेस’ला सर्व्हरचा घरातला पत्ता जोडा, याला रीस्टार्ट लागतो. पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये ‘होस्ट’ची एक ओळ: डेटाबेस, रोल, घरातल्या नेटवर्कचा पट्टा, ‘स्क्रॅम-शा-२५६’. याला रीलोड पुरतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर पहिली फाइल बघा, ‘नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री’ आलं तर दुसरी. राउटरवर ५४३२ बाहेर उघडायचा नाही.

मेमरीच्या सेटिंगांना हात लावलेला नाही. ‘शेअर्ड_बफर्स’ मुळात १२८ एमबी असतं, काही हजार पुस्तकांची अख्खी यादी त्यात मावून जागा उरते.

टप्पा ८: बॅकअप

‘पीजी_डंप -एफसी’ (यातला ‘एफ’ मोठ्या लिपीतला), रोज रात्री, ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमधून, बाहेरच्या डिस्कवर. फाइलीच्या नावात वाराचा आकडा घाला म्हणजे सात फाइली आळीपाळीने लिहिल्या जातात. तो ‘डेट’ आज्ञेने काढताना क्रॉनटॅबमधल्या टक्क्याच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ हवीच, कारण क्रॉन टक्क्याला ओळीचा शेवट समजतो. ती नसली की आज्ञा अर्ध्यात तुटते, आणि टर्मिनलात हाताने चालवली की व्यवस्थित चालते. रोल आणि पासवर्ड या डंपमध्ये नसतात, त्यासाठी ‘पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली’ वेगळं.

वीज गेल्यानंतर लॉगमध्ये ‘ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस’ दिसलं तर घाबरू नका, तो लिहून ठेवलेल्या नोंदींवरून स्वतःला सावरतोय. वेग वाढवायला कुणी ‘एफसिंक’ (लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचवणारी सेटिंग) बंद करायला सांगितलं तर ही सावरण्याची सोयच जाते.

महिन्यातून एकदा ‘तपासणी’ नावाच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये ‘पीजी_रिस्टोअर’ करायचं, दोन्हीकडे ‘काउंट’ जुळवायचा आणि काल-कावळा-काहूर-काळची रांग बघायची.

बाकी कामं: लेखकांचं टेबल वेगळं काढणं, कारण एकाच लेखकाचं नाव आद्याक्षरांसह, पूर्ण आणि टोपणनावाने अशा तीन तऱ्हांनी पडलेलं आहे. शिवाय मजकूरशोध. पोस्टग्रेसमध्ये हिंदीसाठी शब्दांची रूपं ओळखणारा कोश आहे, मराठीसाठी नाही. ‘घर’ शोधल्यावर ‘घरात’, ‘घराला’ सापडायचं तर तूर्त ‘लाइक’ आणि टक्का.