कोळ्यांचा मोसम आणि वासोट्याची तारीख

रविवार, रात्री उशिरा

वासोटा किल्ल्यावर जायचं कधीपासून मनात आहे. आज शेवटी कॅलेंडर उघडून बसले. आदल्या रात्री बामणोलीला मुक्काम, सकाळी शिवसागर जलाशयातून बोट, पलीकडे मेट इंदवलीला वनखात्याकडे नोंद, मग कोयना अभयारण्याच्या दाट रानातून चढण. वर बाबुकड्याच्या समोर उभं राहून खाली कोकण बघायचं. ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं : दिवाळी झाली की लगेच जा, रान हिरवं असतं, ओढ्याला पाणी असतं, हवा स्वच्छ असते. सगळं खरं आहे. आणि नेमक्या त्याच दिवसांत त्या रानात जायंट वूड स्पायडर या मोठ्या कोळ्याची जाळी असतात.

मला कोळ्यांची भीती वाटते. नुसती किळस असती तर निभावून नेलं असतं. कोळी दिसला की छातीत धडधडायला लागतं, तळवे ओले होतात आणि मी काही ठरवायच्या आत पाय मागे सरकलेले असतात. लहानपणापासून हे असंच आहे. एकटी फिरायला लागून बरीच वर्षं झाली, पण या भीतीला विचारल्याशिवाय माझा एकही प्रवास ठरलेला नाही. बाई एकटी फिरते म्हटलं की लोक माणसांबद्दल विचारतात. रात्री एसटी स्टँडवर काय करतेस, रिक्षावाला कसा ओळखतेस, लॉज कसं निवडतेस. त्याची उत्तरं माझ्यापाशी तयार आहेत. या दुसऱ्या गोष्टीबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आज लिहून काढते आहे.

माझं वर्ष कोळ्यांच्या वर्षाभोवती बेतलेलं असतं. जून ते ऑगस्ट धो धो पाऊस असतो, मोठी जाळी फारशी टिकत नाहीत, तेव्हा सह्याद्रीत उघड्यावर फिरायला मला बरं वाटतं. चिखल, जळवा, भिजलेले बूट, यांचं मला काही वाटत नाही. (जळू पायाला चिकटली तर मी शांतपणे काढून टाकते, बरोबरचे लोक किंचाळत असतात.) पाऊस ओसरतो, रानात किडे-पाखरं वाढतात, आणि सप्टेंबरपासून पुढे वूड स्पायडरच्या माद्या पूर्ण वाढीला लागतात. काळं अंग, त्यावर पिवळ्या खुणा, धडच तीन ते पाच सेंटिमीटर, पाय पसरले तर माझा तळहात झाकेल एवढी. नर तिच्यापुढे इतका बारीक की जाळ्यात अडकलेला किडाच वाटावा. जाळं मीटरभर रुंद, कधी त्याहून मोठं, आणि तिरपं ऊन पडलं की त्याचे धागे चक्क सोनेरी दिसतात. भीमाशंकर, आंबोली, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कुठेही जा. ही मादी चावली तरी माणसाला फारसा धोका नसतो, ती जाळ्याच्या मधोमध बसून राहते, अंगावर धावून येत नाही. मला हे सगळं पाठ आहे. पाठ असूनही पाय हलत नाहीत.

दिवाळीची सुट्टी बरोबर या मोसमात येते. म्हणून दिवाळीत मी शहरं बघते. मदुराई, लखनौ, कोलकाता अशीच पाहून झाली. मीनाक्षी मंदिराच्या गोपुरांसमोर संध्याकाळ घालवताना जंगल चुकवून आल्याची खंत वाटली नव्हती. कोलकात्यात मात्र एका रात्री कुणीतरी पाठवलेला आंबोलीचा फोटो पाहिला, धुक्यातली वाट आणि दोन्ही बाजूंना ओली झाडं, आणि फार वाईट वाटलं.

एकटीने चालण्यात मोठी अडचण एकच : पुढे कायम मीच. वूड स्पायडरची मोठी जाळी बहुतेक डोक्याच्या वर, दोन झाडांच्या मध्ये असतात. चेहऱ्याच्या उंचीवर वाट अडवतात ती रात्रीत विणलेली लहान जाळी. घोळक्यात असलं की पुढचा माणूस ती तोंडावर घेतो, मागच्यांना वाट मोकळी. एकटीला पुढचा माणूस नाही. ट्रेकला पहाटे निघा, ऊन लागणार नाही, असं सगळे सांगतात. पहाटे निघायचं म्हणजे रात्रीची सगळी जाळी शाबूत असताना त्या वाटेवरून पहिलं जायचं. मी नऊला निघते. तोवर गुराखी, लाकूडफाट्याला गेलेल्या बाया, एखादा ग्रुप असं कुणी ना कुणी पुढे गेलेलं असतं. ऊन लागतं ते लागतं. हातात काठी असते, टेकायला नव्हे; चेहऱ्यासमोर उभी धरून चालायला. ही युक्ती मला एका गुराख्याने दाखवली. तो स्वतःही तशीच धरतो, आणि त्याला भीती वगैरे काही वाटत नाही, फक्त डोळ्यांत जाळं गेलेलं आवडत नाही.

रात्रीचं वेगळंच. पवनेच्या काठी तंबूत राहिले होते तेव्हा हेडलॅम्प लावून बाहेर पडले आणि गवतावर सगळीकडे बारीक हिरवट ठिणग्या दिसल्या. दव असेल म्हणून वाकून पाहिलं. प्रत्येक ठिणगी म्हणजे एका वुल्फ स्पायडरचे डोळे होते. तिथल्या तिथे गोठले. नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्यांच्या डोळ्यांवर पडलेला प्रकाश जिथून आला त्याच दिशेने परत फिरतो, म्हणून दिवा कपाळावर असला की ती चमक थेट आपल्या डोळ्यांत येते. तेव्हापासून मी टॉर्च कमरेजवळ धरते. कोळी तेवढेच असतात, मला दिसत नाहीत, आणि मला तंबूपासून मोरीपर्यंत जाता येतं. ज्यांना माझ्यासारखं होतं त्यांनी हे जरूर करून पाहावं.

राहण्याच्या जागेचं सगळ्यांत अवघड. कौलारू घर, लाकडी वासे, सारवलेली पडवी असे फोटो बघून लोक जागा पक्की करतात. मला त्या फोटोत वासे आणि कौलांमधल्या फटी दिसतात. मी फोन करून विचारते, स्लॅबची खोली आहे का, संडास-बाथरूम खोलीला लागून आहे का, मच्छरदाणी मिळेल का. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचल्या की मला झोप लागते, मग छताला काय असेल ते असो. पूर्वी मी कारण सांगत नसे. पाठ दुखते, सवय नाही, असं काहीबाही बोलायचे. मालवणजवळच्या एका घरात हे बदललं.

तिथे बाथरूममध्ये नळाच्या वर, भिंतीला चपटा बसलेला मोठा तपकिरी कोळी होता. हंट्समन. घराघरांत असतो तोच, पण ही मादी होती आणि पोटाखाली अंड्यांची पांढरट चकती धरून बसली होती, शर्टाच्या मोठ्या बटणासारखी. मी टॉवेल घेऊन दारातच उभी. आत जाता येईना, ओरडता येईना. घरच्या काकू भाजी निवडत होत्या, त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून आल्या. "भिया नको गो. काय करूचो नाय तो. झुरळां खाता." मी म्हटलं, माहीत आहे काकू, पण मला जमत नाही. त्या हसल्या नाहीत. केरसुणीच्या टोकाने त्यांनी तिला हळूच खिडकीकडे ढकललं, ती बाहेर गेली, चकतीसकट. मग मोरीमागे, बादलीच्या आत, मगाच्या खाली, आरशामागे सगळीकडे त्यांनी स्वतः बघितलं आणि मला म्हणाल्या, तू न्हा, मी हयच बसतंय. आणि खरंच दाराबाहेर पाट टाकून भाजी निवडत बसल्या. मी निघेपर्यंत दर सकाळी.

त्यानंतर मी फोनवर सरळ सांगते, कोळ्यांची भीती आहे, खोली एकदा झाडून ठेवाल का. काहीजण "एवढासा तर असतो" म्हणतात. या वाक्याचा मला मनापासून राग येतो. आकार मलाही दिसतो. पण बहुतेक जण "हो ताई, करून ठेवतो" एवढंच म्हणतात आणि करून ठेवतात.

मंगळवार

कधीकधी विचारतात, उपचार का नाही घेत? घेतले. पुण्यात एका समुपदेशकांकडे पायरी पायरीने जात होते. आधी शब्द लिहायचा, मग चित्र, मग फोटो, मग व्हिडिओ, मग बंद बरणीतला जिवंत कोळी, आधी खोलीच्या त्या टोकाला, मग जवळ. ही पद्धत काम करते हे नक्की. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी 1989 मध्ये एकाच लांबलचक, तीन तासांपर्यंतच्या बैठकीत असे उपचार करून दाखवले, आणि आज जगभर ते वापरले जातात. मी बरणी टेबलाच्या पलीकडे ठेवण्यापर्यंत पोहोचले आणि तिथे थांबले. पुन्हा जाईन. तोवर फिरणं बंद ठेवायचं, हे मला मान्य नाही.

त्या पायऱ्यांमधून एक गोष्ट मिळाली. उडी मारणाऱ्या लहान कोळ्यांची भीती गेली. सुरुवात एका बातमीने झाली होती. ठाणे परिसरात सापडलेल्या अशा एका कोळ्याच्या नव्या प्रजातीला 2021 मध्ये अभ्यासकांनी तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. 26 नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवणारे ओंबळे. बातमीबरोबर कोळ्याचा मोठा फोटो होता. मी पान उलटू शकले नाही. त्या नावाच्या प्राण्याकडे पाठ फिरवणं मला बरं वाटेना. पुढचे दोन मोठे डोळे, काही मिलिमीटरचं अंग. आयुष्यात पहिल्यांदा एका कोळ्याचा फोटो मी शेवटपर्यंत बघितला.

हे लडाखला जाऊन आल्यानंतरचं. तिथे मी निश्चिंत होते, एवढ्या उंचीवर कुठले कोळी म्हणून. परत आल्यावर वाचलं की हिमालयात एव्हरेस्टच्या उतारांवर 6700 मीटरपर्यंत उडी मारणारा एक कोळी राहतो, वाऱ्याने वर उडत आलेल्या बारीक किड्यांवर जगतो. म्हणजे कोळी नसलेली जागा शोधत फिरण्यात अर्थ नाही. प्रश्न फक्त कुठला कोळी, किती मोठा आणि कुठल्या महिन्यात, एवढाच उरतो. त्याची उत्तरं शोधता येतात.

शुक्रवार

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ठरवला. ओढ्याचं पाणी कमी झालेलं असेल, बाबुकड्यावरून कोकण धुरकट दिसेल. नोव्हेंबरमधलं ते हिरवं रान मला दिसणार नाही आणि त्याचं वाईट वाटतंय, ते खोटं कशाला लिहू. पण वूड स्पायडरच्या माद्या तोवर बहुतेक संपलेल्या असतात, वाट कोरडी आणि उघडी असते. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत खाली यावं लागतं. बाकीच्यांना याचा वैताग येतो, मला हे सोयीचं आहे.

बामणोलीला फोन केला. बोट अख्खी घ्यावी लागते, एकटीला परवडत नाही, म्हणून दुसऱ्या कुणाबरोबर जागा मिळेल का विचारलं. सुट्टीच्या दिवशी ग्रुप असतातच म्हणाले. मग म्हटलं, दादा, मला सगळ्यांत पहिल्या बोटीत नको, आधी एखादी जाऊ दे. का म्हणून विचारल्यावर कारण सांगितलं. क्षणभर गप्प राहून ते म्हणाले, "रानात गवे आहेत, अस्वल आहे, त्याची नाही का भीती?" आहे ना, म्हटलं, पण तेवढी नाही. "बरं. मग तिसऱ्या बोटीत बसवतो. आणि वाटेवर ओढ्यापर्यंत आमचा पोरगा पुढं चालंल, त्याच्या मागं ऱ्हा."

सोमवारी ऑफिसात रजेचा अर्ज द्यायचा आहे. रात्रीच्या खोलीचं अजून बाकी आहे, स्लॅबची मिळाली नाही तर साताऱ्यात राहून पहाटेच्या एसटीने बामणोली गाठायची. मच्छरदाणी दोन्हीकडे नेणारच.