तुम्ही विचारलंत म्हणून: क्वेकर घराण्याचं इंग्लंडमधलं गाव कसं शोधायचं?

जावई किंवा सून अमेरिकन असलेल्या घरांतून हा प्रश्न वरचेवर येतो: "त्यांचे पूर्वज पेनसिल्व्हेनियातले क्वेकर होते म्हणतात. इंग्लंडमधलं मूळ गाव सापडेल का?"

क्वेकर हा इंग्लंडमध्ये सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ. त्यांचं गाव बऱ्याचदा सापडतं. फक्त जहाजाच्या याद्यांमागे लागू नका. फिलाडेल्फियात १७२७ पासून जर्मन प्रवाशांची नोंद होऊ लागली, पण इंग्रज तर राजाचेच प्रजाजन, त्यांची यादी करायची गरज कुणाला भासली नाही. शोधायची असते ती 'मासिक सभा'.

जॉर्ज फॉक्सने १६५०च्या दशकात उभा केलेला हा पंथ. पुरोहित नाही, बाप्तिस्मा नाही, म्हणून चर्चच्या वहीत यांची मुलं सापडत नाहीत. पण पंथाच्या स्वतःच्या वह्या फार काटेकोर. आसपासच्या गावांची मिळून एक मासिक सभा असे आणि जन्म, लग्न, मृत्यू, तंटे, मदत, सगळं तिच्या दप्तरी लिहिलं जाई.

कुटुंब गाव बदलणार असेल तर सभा दाखला देई. शाळा सोडल्याचा असतो तसाच सभा सोडल्याचा दाखला: वागणूक चांगली आहे, कुणाचं देणं नाही, लग्न कुठे ठरलेलं नाही. तो नव्या सभेत वाचला जाई. म्हणजे एकाच स्थलांतराची नोंद दोन्हीकडे मिळू शकते आणि अमेरिकेतल्या नोंदीत इंग्लंडच्या सभेचं नाव असतं. डॅनिएल बून या प्रसिद्ध वाटाड्याचे आजोबा जॉर्ज बून डेव्हनमधल्या ब्रॅडनिंचहून १७१७ साली आले. त्यांनी कलम्प्टनच्या मासिक सभेचा दाखला पेनसिल्व्हेनियातल्या ग्विनेडच्या सभेत दिला, ती नोंद आहे. त्या एका ओळीने समुद्र ओलांडता येतो. दाखला आयर्लंडचा निघाला तर गोंधळू नका. कित्येक इंग्रज घराणी एखाददुसरी पिढी तिथे राहून मग अमेरिकेला गेली.

सर्वांत जास्त चुका तारखांत होतात. क्वेकर महिन्यांना नावं न देता आकडे देत आणि १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च होता. म्हणून 'बारावा महिना १६८४' म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६८५. शके वर्षाला कधी ७८ तर कधी ७९ मिळवावे लागतात, तसाच हा प्रकार. डॅनिएल बूनचा जन्म १७३४ च्या आठव्या महिन्याच्या २२ तारखेचा. ऑगस्ट समजू नका. तो ऑक्टोबर, आणि १७५२ मध्ये आलेल्या नव्या कॅलेंडरचे ११ दिवस धरले तर २ नोव्हेंबर. वहीतली तारीख आधी जशीच्या तशी उतरवा, शेजारी बदललेली लिहा. नुसती बदललेली ठेवलीत तर पुढचा माणूस ती पुन्हा बदलतो.

लग्नाचा कागद मिळाला तर तो संपूर्ण वाचा. जोडप्याने सभेपुढे दोनदा इरादा सांगायचा, नेमलेल्या माणसांनी चौकशी करायची, मग लग्न. आणि हजर असलेले साक्षीदार म्हणून सही करत. वधूवरांच्या सह्यांखालच्या रांगेत बहुधा जवळचे नातलग असतात. आईचं माहेर शोधायला याहून चांगला कागद नाही. इथे स्त्रियांच्या सभेचं वेगळं दप्तरही पाहा; ते हमखास राहून जातं.

नाव अचानक गायब झालं तर मृत्यूच धरू नका. पंथाबाहेर लग्न केल्याबद्दल सभासदत्व काढून घेत. हे वाळीत टाकणं नव्हे. त्या माणसाला प्रार्थनेला येता येई, फक्त नोंदी थांबत. डॅनिएलचे वडील स्क्वायर बून यांना मुलाच्या अशा लग्नापायीच काढलं होतं. आणखी एक खाच: १८२७ मध्ये पंथ फुटला आणि फुटलेल्या सभांची दप्तरं वेगळी झाली. आजच्या पिढीकडून मागे जाताना दोन्ही चाळावी लागतात. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूची पुष्कळ दप्तरं स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या कॉलेजांत आहेत.

इंग्लंडच्या मूळ नोंदवह्या १८४०च्या सुमारास सरकारजमा झाल्या. त्या आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये 'आरजी ६' या क्रमांकाखाली आहेत. देण्याआधी क्वेकरांनी त्यांचे गोषवारे करून ठेवले, ते लंडनमधल्या क्वेकरांच्या मुख्यालयात, फ्रेंड्स हाऊसमध्ये. गोषवारा भराभर चाळता येतो, पण त्यात साक्षीदार नाहीत. तेवढ्यावर थांबू नका.

घराण्यातला पहिला क्वेकर सापडला की त्याच्या मागची पिढी मात्र गावच्या चर्चच्या वहीत शोधायची. तो स्वतः बाप्तिस्मा झालेलाच असण्याचा संभव असतो.