मृगातला काळा घोडा

मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे सगळ्यांच्या ओळखीचे. त्यांतल्या पूर्वेकडच्या अल्नितकच्या किंचित दक्षिणेला हॉर्सहेड, म्हणजे घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा, तेजोमेघ आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. मला फोटो हवा होता तो त्याचाच.

दुर्बीण भिंगाची, ८० मिलिमीटर व्यासाची, एफ/६, म्हणजे फोकसचं अंतर व्यासाच्या सहापट. घराशेजारी सरकत्या छपराची लहानशी खोली बांधली, पण दुर्बिणीचा खांब फरशीपासून वेगळा उभारला. तो फरशीला टेकला, तर पावलांचा हादरा थेट ताऱ्यांपर्यंत पोहोचतो.

घोडा स्वतः धुळीचा, काळा. मागच्या हायड्रोजनच्या लाल उजेडामुळेच तो दिसतो. हा उजेड ६५६.३ नॅनोमीटरचा, म्हणून फक्त तोच आत सोडणारा हायड्रोजन-अल्फा फिल्टर लावला. पहिल्या रात्री पाच-पाच मिनिटांच्या ३६ फ्रेम घेतल्या. गायडिंग, म्हणजे ताऱ्यामागे दुर्बीण अचूक फिरवत ठेवणं, उत्तम चाललं होतं. सकाळी पाहिलं तर मधले तारे गोल आणि कोपऱ्यातले लांबट. फ्लॅटनरपासून (कडेपर्यंत प्रतिमा नेटकी ठेवणाऱ्या जादा भिंगापासून) कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंतचं ५५ मिलिमीटर अंतर मी काटेकोर मोजलं होतं, पण फिल्टरची काच जमेस धरली नव्हती. काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश अंतर आणखी द्यावं लागतं. एक पातळ रिंग घातली आणि कोपरे सुधारले.

दुसऱ्या रात्रीने खरी परीक्षा पाहिली. सुरुवातीच्या फ्रेम सुईच्या टोकासारख्या, मध्यरात्रीनंतरच्या मऊ. पारा सहा अंशांनी उतरला होता. ४८० मिलिमीटरची ॲल्युमिनियमची नळी तेवढ्याने मिलिमीटरच्या साधारण पंधराव्या भागाएवढी आखडते. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण एफ/६ ला तेवढ्यानेच ताऱ्याचा ठिपका माझ्या कॅमेऱ्यावर तीन पिक्सेलभर पसरतो. शिवाय भिंगाचाही फोकस तापमानाबरोबर सरकतो. तेव्हापासून दुर्बीण बाहेरच्या हवेइतकी गार व्हावी म्हणून छप्पर दोन तास आधी उघडतो आणि रात्रभर तासातासाला बाह्तिनोव मास्क, म्हणजे फोकस जुळवायची खाचांची चकती, दुर्बिणीच्या तोंडावर लावून फोकस तपासतो. झोपमोड होते, पण याला दुसरा सोपा उपाय मला तरी सापडलेला नाही.

पुढच्या दोन स्वच्छ रात्रींत ७२ फ्रेम जमल्या, म्हणजे सहा तास. एकेका फ्रेममध्ये नुसती करडी झाक होती. डार्क (झाकण लावून घेतलेल्या) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या) फ्रेम वापरून कॅमेऱ्याचे आणि दुर्बिणीचे दोष काढले, सगळ्या एकत्र रचल्या, अंधारा भाग हळूहळू उजळत नेला आणि आधी मान, मग तोंड वर आलं. मी कितीतरी वेळ पडद्यासमोरून हललो नाही.

१८८० मध्ये हेन्री ड्रेपर या अमेरिकन हौशी खगोलनिरीक्षकाने स्वतःच्या वेधशाळेतून, ११ इंची भिंगाच्या दुर्बिणीने, याच मृगातल्या मोठ्या तेजोमेघाचा फोटो काढला, ५१ मिनिटांचा. तेजोमेघाचा तो पहिला फोटो. आणि हा घोडा १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत काम करणाऱ्या विल्यमिना फ्लेमिंग यांना तिथल्या फोटोच्या काचेच्या प्लेटवर सापडला. काचेवरचा एवढासा खाच पडल्यासारखा डाग त्यांनी कसा टिपला असेल, हे आता मला थोडं कळतं.

अल्नितकभोवती अजून एक फिकट वर्तुळ आहे, फिल्टर आणि सेन्सरमधल्या परावर्तनाचं. ते मी पुसलेलं नाही. आधी फिल्टर उलटा लावून पाहणार आहे.