बेघर माजी सैनिकाला आधी नंबर विचारा

स्टेशनबाहेर किंवा देवळाच्या पायरीवर एखादे वयस्कर गृहस्थ 'मी फौजेत होतो' म्हणतात, तेव्हा लोक जेवण देतात, चादर देतात. ते द्याच. पण त्यांना पुन्हा उभं करायचं असेल तर पहिला प्रश्न हा: "काका, नंबर काय तुमचा?" पत्ता विसरलेला माणूसही आर्मी नंबर बहुधा धडाधड सांगतो. रँक, नाव, रेजिमेंट, भरतीचं आणि सुटल्याचं साल ते सांगतील तसं लिहून घ्या. नंबराच्या शेवटी इंग्रजी अक्षर असेल तर तेही लिहा. एखादा आकडा चुकला असेल तर त्यावरूनच कळतं.

दारूची सवय असेल तर 'आजपासून बंद' असा दम देऊ नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जातो. आधी सरकारी रुग्णालय, मग कागद.

कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. तिथून संबंधित रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या जवानांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पत्र जातं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर तुकडीचं खडकीला, गार्ड्स रेजिमेंटचं कामठीला. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, बहुतेकदा हरवलेलं असतं. पोलिसांकडची गहाळ नोंद आणि प्रतिज्ञापत्र जोडून दुसरी प्रत मागा. सुटण्याचं कारण त्यातच असतं आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

जवानाला पेन्शन साधारण १५ वर्षांच्या नोकरीवर मिळते. ती असूनही माणूस रस्त्यावर असेल तर बहुधा हयातीचा दाखला चुकलेला असतो. दरवर्षी दाखला गेला नाही की 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीतून पैसे थांबतात. म्हाताऱ्या, राबलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. अशा वेळी 'जीवन प्रमाण' या ऑनलाइन हयातीच्या दाखल्याची चेहऱ्यावरून होणारी पडताळणी वापरा. दुसरी अडचण नावाची. रेकॉर्डमध्ये भरतीच्या वेळी कारकुनाने लिहिलेलं 'ज्ञानदेव शिंदे', आधारवर वडिलांच्या नावासकट 'ज्ञानेश्वर'. एवढ्यावर अर्ज परत येतो. नाव नि जन्मतारीख आधी जुळवून घ्या, नाहीतर महिने वाया जातात.

थकबाकी जमा झाली की इतकी वर्षं न दिसलेले नातेवाईक दिसू लागतात. कुणी सावकार एटीएम कार्ड गहाण ठेवून बसलेला असतो. पुढे मिळणारी पेन्शन लिहून देण्याचा असा कोणताही करार पेन्शन कायदा, १८७१च्या कलम १२ नुसार रद्दबातल आहे. बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद करा, पिन बदला, आणि खातं फक्त त्यांच्याच नावावर ठेवा. मदत करणाऱ्या संस्थेनेही कार्ड स्वतःकडे ठेवू नये, हे मी ठामपणे सांगेन.

पेन्शन नसलेल्यांची गोष्ट जास्त जीव तोडते. आठ-दहा वर्षं सीमेवर काढून सुटले, हातात ग्रॅच्युइटी आली, ती संपली. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचे, ६५ वर्षांवरचे असतील तर केंद्रीय सैनिक बोर्डाचं निर्धन अनुदान मागता येतं. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते दरमहा ४,००० ऐवजी ८,००० रुपये झालं. अर्ज ऑनलाइन, शिफारस जिल्हा कार्यालयाची. बडतर्फ झालेल्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. तिथे तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजना बघा.

तोवर राहायचं कुठे? महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात. आधार कार्ड नसेल तर ते काढताना निवाऱ्याच्या अधीक्षकाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र पत्त्यासाठी चालतं. पण भान हरपलेला, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस निवाऱ्यात टिकत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. ठाण्यात हे कलम नाव घेऊन सांगा, आणि तो बेघर असल्याने बेपत्ता व्यक्तीची नोंद करायला लावा. त्या नोंदीत आर्मी नंबर घाला. गावाकडे कुणी शोधत असेल तर त्यावरून माग लागतो.