स्क्रेपरच्या पात्याची धार

गिरगावातील घराच्या गॅलरीत सागवानी कपाटाचे दार घासताना स्क्रेपरमधून, म्हणजे लाकूड खरवडून गुळगुळीत करणाऱ्या पात्याच्या हत्यारातून, तलम पापुद्र्यांऐवजी नुसता भुसा पडू लागला, तेव्हाच धार गेल्याचे लक्षात आले. सागवानात सिलिका असल्याने हे लवकर घडते. पात्याची कड कानशीने 45 अंशांत घासली आणि दगडावर गुळगुळीत केली. खरे कसब पुढे लागते: पात्याहून कठीण अशी पोलादी सळई, तेलाचा थेंब लावून, कडेवरून दाबत न्यायची आणि पात्याच्या सपाट बाजूशी असलेला तिचा कोन दर फेरीला वाढवत सुमारे 75 अंशांपर्यंत न्यायचा, म्हणजे कडेचे पोलाद वळून जेमतेम दिसणारा हुकासारखा आकडा तयार होतो. लाकूड कापतो तो हाच. पावसाळ्यातील दमट हवेत या बारीक धारेवर आधी गंज चढतो, म्हणून पाते तेलाचा हात फिरवूनच ठेवतो.