दा नांगला जायचंय, पण दिवाळीत नाही

दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम! असे मेसेज सध्या ठाण्यातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुप्सवर फिरतायत, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर दर आठवड्याला एखादं पॅकेज येऊन पडतंच, आणि त्यात दा नांग हमखास असतं. निळा समुद्र, पांढरी वाळू, दोन मोठ्या हातांनी उचलून धरलेला तो सोनेरी पूल, आणि रेटही खरंच कमी. तो कमी का आहे हे त्या मेसेजमध्ये कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दा नांगमधले सगळ्यात जास्त पावसाचे महिने आहेत.

मी हे एवढं पोटतिडकीने लिहितेय कारण आम्ही घरातले सगळे मिळून जाणार आहोत. आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे, दोघंही सत्तरीच्या आसपास, लेक सहावीत, नवरा आणि मी. आई-बाबांची ही पहिलीच परदेशवारी. एवढे पैसे घालून त्यांना हॉटेलच्या खिडकीतून पाऊस दाखवायचा असेल तर घोडबंदर रोडची आमची खिडकी काय वाईट आहे?

तर पावसाचं गणित असं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो नैऋत्य मोसमी वारा येतो तोच पुढे तिकडेही पोचतो, पण व्हिएतनामच्या मध्यभागी चुओंग सोन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे आणि दा नांग तिच्या पूर्वेला. त्यामुळे पाऊस लाओसच्या बाजूला पडून जातो आणि दा नांग कोरडं राहतं, सह्याद्रीमुळे कोकणात धो धो आणि पलीकडे देशावर ढग नुसते येऊन जातात ना, तसंच. मग ऑक्टोबरपासून वारा उलटा फिरतो, ईशान्येकडून समुद्रावरची वाफ घेऊन येतो आणि त्याच डोंगराला पूर्वेकडून आपटतो. त्यात चक्रीवादळांचा मोसमही तोच. जवळच्या होई आन गावात नदीचं पाणी या दिवसात रस्त्यावर येणं नवीन नाही, तिथल्या एका जुन्या घरात कुठल्या वर्षी पाणी कुठपर्यंत चढलं याच्या खुणा भिंतीवर करून ठेवल्यात. आणि हे सगळं आपल्या दिवाळीच्या सुट्टीतच.

थायलंडच्या फुकेतचं बरोबर उलट आहे. ते अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे आपल्यासारखंच नैऋत्येला तोंड करून, त्यामुळे मे ते ऑक्टोबर पाऊस आणि खवळलेला समुद्र, किनाऱ्यावर लाल झेंडे, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मस्त. म्हणून मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते की उशिराची दिवाळी किंवा नाताळ असेल तर फुकेत, मे महिन्याची सुट्टी असेल तर दा नांग. हॉटेल, फ्लाइट, ऑफर सगळं त्यानंतर.

आम्ही मे ठरवला आणि कालनिर्णय काढून बसलो. त्यातही एक मेख आहे. ३० एप्रिल हा त्यांचा मोठा दिवस, १९७५ साली त्या तारखेला युद्ध संपलं, आणि लगेच १ मे, त्यामुळे तिथले लोक जोडून सुट्टी काढतात आणि सगळे समुद्रावर येतात. जूनपासून त्यांच्या शाळांना सुट्टी लागते, मग पुन्हा गर्दी. मधले मेचे आठवडे मोकळे. आपल्या शाळांना नेमकी तेव्हाच सुट्टी, याहून चांगलं काय हवं.

ऊन मात्र आहे, मेमध्ये दुपारी पारा ३३-३४ च्या घरात आणि दमटपणा ठाण्यासारखाच. पण दा नांगला समुद्र पूर्वेला आहे. आपण अलिबाग-काशीदला पाण्यात बुडणारा सूर्य बघत लहानाचे मोठे झालो, तिथे तो पाण्यातून वर येतो, आणि मेमध्ये सव्वापाचच्या सुमारास. तिथले लोक पहाटे पाचलाच ‘मी खे’ नावाच्या बीचवर पोहायला उतरतात, म्हाताऱ्या बायका, मुलं सगळे, आणि ऊन चढायच्या आत घरी. बाबा ठाण्यातही पाचला उठतात आणि सगळ्यांची झोपमोड करतात, तिथे त्यांच्याच घड्याळाने चालायचं ठरलंय. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्यामुळे पहिले एक-दोन दिवस जरा जड जातील, पण पाच ते आठ समुद्र, मग नाश्ता, दुपारी एसीत झोप, संध्याकाळी फिरणं. याच्यापेक्षा जास्त काही दिवसात कोंबायचं नाही असं मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलंय.

बाबांच्या गुडघ्यांचा विचार सगळ्यात आधी केला. तलावपाळीला एक फेरी झाली की ते गडकरी रंगायतनच्या बाजूला बाकावर बसतात, पाच-दहा मिनिटं जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघतात, मग म्हणतात चला. तर कुठल्याही ठिकाणी सलग चालणं त्या एका फेरीपेक्षा जास्त नको, हे माझं माप. या मापात बऱ्याच गोष्टी बसतात. दा नांगच्या संगमरवरी डोंगरांपैकी (मार्बल माउंटन्स) थुई सोन नावाच्या डोंगरावर चढायला लिफ्ट आहे. बा ना हिल्सला रोप वे आहे, त्यातली एक लाइन सलग ५,८०१ मीटर लांब, आणि तो सोनेरी पूल वरच, २०१८ साली झालेला. ड्रॅगनच्या आकाराचा ड्रॅगन ब्रिज शनिवार-रविवारी रात्री ९ वाजता तोंडातून आग आणि पाणी सोडतो, म्हणून मुक्कामात वीकेंड यायलाच हवा, लेकीने ते आधीच कबूल करून घेतलंय. होई आनच्या जुन्या भागात बऱ्याच वेळा गाड्या बंद असतात, चालावं लागतं, तिथे संध्याकाळी नदीकाठी बसायचं आणि कंदील बघायचे, प्रत्येक गल्ली पालथी घालायची गरज नाही.

हॉटेल बघतानाही हेच. ‘मी खे’ची बरीचशी हॉटेलं समुद्राला लागून नाहीत, मध्ये मोठा रस्ता आहे आणि त्यावर स्कूटर्सचा लोंढा. फोटोत रस्ता दिसत नाही, मॅप उघडून बघावं लागतं. त्या रस्त्याचं नाव व्हो न्युएन जियाप आहे हे वाचल्यावर बाबा एकदम ताठ बसले, म्हणाले अगं हा तर तो जनरल, १९५४ ला दिएन बिएन फूला फ्रेंचांना हरवणारा! मग तासभर आम्हाला इतिहास ऐकायला मिळाला आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलला आपोआप मंजुरी मिळाली, फक्त सिग्नलजवळचं बघ म्हणाले.

आईंना मात्र माझ्या मते समुद्रापेक्षा ‘मी सोन’ हे ठिकाण जास्त आवडेल. दा नांगपासून साधारण ७० किलोमीटरवर चंपा नावाच्या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेल्या शिवमंदिरांचा समूह, चौथ्या ते तेराव्या शतकातला, विटांचा. युद्धात १९६९ ला बॉम्ब पडून बरंच गेलं. नंतर आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजीचं काम केलं आणि २०२० साली त्या कामात नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. मी फोटो दाखवला तर आईंनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर करून अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि विचारलं, अभिषेक करता येतो का गं? तसा नाही येत, ते संरक्षित ठिकाण आहे. पण नमस्कार तर करता येईल. गेटपासून आत इलेक्ट्रिक गाडी जाते, सकाळी लवकर गेलं तर ऊनही नाही.

खाण्याचं टेन्शन आईंपेक्षा मलाच जास्त होतं. तिथे माशाचा सॉस जवळजवळ सगळ्यात घालतात, त्यामुळे नुसतं व्हेज सांगून भागत नाही. पण बौद्ध लोक अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास शाकाहार पाळतात, त्यामुळे शाकाहारी खानावळी गावोगाव आहेत, पाटीवर इंग्रजी अक्षरात सी, एच, ए, वाय बघायचं. आंबा, फणस, ड्रॅगन फ्रूट भरपूर. संकष्टी आली तर म्हणून राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे बॅगेत असतीलच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पासपोर्ट प्रवासानंतरही सहा महिने तरी चालू हवा, आणि मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे आपण विसरून जातो, लेकीचा संपत आलाय त्यामुळे वागळे इस्टेटची फेरी आधी. ई-व्हिसा एका वेळच्या प्रवेशाला २५ डॉलर, लहान मुलांनाही वेगळा लागतो, आणि सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच साइट्स जास्त पैसे घेतात तेव्हा पत्ता नीट बघा. फोटो चष्म्याशिवाय. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, आमच्याकडे आईंच्या नावात मधलं नाव एका ठिकाणी आहे एका ठिकाणी नाही, त्यामुळे फॉर्म मीच भरणार. आणि पैसे हाताळताना सांभाळा, २० हजार डोंगची नोट आणि ५ लाखाची नोट दोन्ही निळ्या आहेत, २० हजाराच्या जागी ५ लाखाची गेली असं घाईत सहज होऊ शकतं. ५ लाखाच्या नोटा आम्ही वेगळ्या पाकिटात ठेवणार, ते पाकीट आईंकडे.

मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, तिथून दा नांग आणखी सव्वा तास. दोन वेगवेगळी तिकिटं काढली तर हनोईला इमिग्रेशन करून, बॅगा घेऊन परत चेक-इन करावं लागतं, आई-बाबांसोबत ते धावतपळत नको, म्हणून मध्ये चांगले चार-पाच तास ठेवतोय आणि बाबांसाठी व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवणार. ते नको नको म्हणतायत, पण त्या बाबतीत मी त्यांचं ऐकणार नाहीये.