नळाची ओळख पटवताना

गंगाखेडजवळ गोदावरीला मिळणाऱ्या एका ओढ्यात माणसाच्या दुप्पट उंचीचं गवत उभं असतं. आमच्याकडं त्याला नळ म्हणतात. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी त्याचं शास्त्रीय नाव नक्की करायचं ठरलं, तेव्हा आठवड्याभराचं काम वाटलं होतं. सात महिने गेले.

ऑगस्टमध्ये आणलेला पहिला नमुना सरांनी तसाच परत दिला. त्याला तुरा नव्हता, चिखलातला रायझोम, म्हणजे जमिनीखालचं आडवं खोडही नव्हतं. नुसत्या पानांवरून गवत ओळखणं फार अवघड, खरी ओळख कणिशकेत, म्हणजे तुऱ्यातल्या फुलांच्या बारीक झुपक्यात असते. ओढ्यावर जाळं टाकणाऱ्या मामांना विचारलं, तर म्हणाले, "दिवाळी होऊ दे माय, मग निघत्यात तुरे."

तोवर पुस्तकं चाळली. कुक यांचा १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेला वनस्पतींचा ग्रंथ मुंबई इलाख्याचा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून आपला भाग त्यात नाहीच. इथल्या वनस्पतींची सविस्तर नोंद प्रा. नाईक यांच्या १९९८ च्या ग्रंथात मिळते. नळासारखंच पाण्यात वाढणारं पाणकणीस म्हणजे गवतच, असं मीही समजत होते. ते गवताच्या कुळातलं नाही, हे तेव्हा कळलं.

नोव्हेंबरात गुडघाभर पाण्यात उतरले. तुरा हातभर लांब, तपकिरी-जांभळट, वाऱ्याच्या बाजूला कललेला. रायझोम मात्र हाताला लागेना. शेवटी मामांनी खुरप्यानं चिखल कापून बोटाएवढं जाड, पांढरं खोड वर काढून दिलं. आडवं कापल्यावर आतली पोकळी दिसली. चिखलात मुळांना हवा मिळत नाही. ती वरून अशा पोकळ्यांतूनच खाली पोचते. आणि मे महिन्यात ओढा आटून भेगा पडल्या, तरी पावसाळ्यात नळ पुन्हा फुटतो तो याच खोडावरच्या डोळ्यांतून.

हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेले नमुने चिकटवून जपायचा कागद ४२ सेंटिमीटरचा आणि गवत चार मीटरचं! तुरा, पेरासकट पान आणि रायझोम असे तुकडे करून रद्दीत दाबले. पहिले काही दिवस रोज कागद बदलले. त्यात एकदा हयगय झाली आणि एका तुऱ्याला बुरशी आली. तो टाकून नवा आणावा लागला.

सगळ्यात जास्त अडले ते दोन नावांत: फ्रॅग्मायटिस की अरुंडो? दोन्ही उंच, दोन्ही काठावर वाढणारी, दोन्हींच्या कणिशकेत रेशमी केस. फरक एवढाच की ते केस उगवतात कुठून. अरुंडोत लेमाच्या, म्हणजे फुलाला झाकणाऱ्या खवल्याच्या पाठीवर, फ्रॅग्मायटिसमध्ये लेमा गुळगुळीत आणि केस आतल्या बारीक दांडीवर. भिंगाखाली सुईनं एकेक फूल सोडवत बसले. तीन कणिशका हातातच चुरगळल्या. चौथीत लेमा अलगद सुटला, पाठ स्वच्छ, आणि मागं दांडीवर पांढऱ्या केसांचा झुबका. मला त्या क्षणी भरून आलं. पानाची खालची बाजू खरखरीत होती, त्यावरून फ्रॅग्मायटिस कर्का हे नाव ठरलं.

फेब्रुवारीत शीट मंजूर झाली. लेबलावर लिहिलं: ओढ्याचा काठ, काळी माती, पाणी गुडघाभर. स्थानिक नाव: नळ.